वेळापूरच्या उतारावर

आमच्या आईचा हिशेब किलोमीटरात चालत नाही, मुक्कामात चालतो. पुण्याहून पंढरपूर किती लांब, असे तिला कुणी विचारले, तर ती हाताच्या पेरांवर अंगठा फिरवीत सांगू लागते : सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, तरडगाव, फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी. चार बोटांची बारा पेरे संपली, की पंढरपूर आले! माउलींच्या पालखीबरोबर अकरा वाऱ्या पायी केलेल्या बाईला रस्त्यावरच्या मैलाच्या दगडांची गरज काय?

त्यातले दहावे पेर म्हणजे वेळापूर. सोलापूर जिल्ह्याच्या माळशिरस तालुक्यातले हे गाव आईचे माहेर. गुडघ्यांनी असहकार पुकारल्यापासून तिची वारी सुटली. यंदा आषाढी आटोपून रस्ते मोकळे झाले, श्रावण लागला, आणि आई एका सकाळी म्हणाली, "मला एकदा धाव्याचा उतार बघायचाय. मग विठोबाचं दर्शन. गाडीनं का होईना."

आता यात नाही म्हणण्यासारखे काय होते? आमच्या दारात चांगली डिझेलची मोटार उभी होती. पत्नीने दशम्या केल्या, चिरंजीवांनी पुढची जागा पटकावली, आई मागे खिडकीशी बसली, आणि पहाटे साडेपाचला मी किल्ली फिरवली. किल्ली फिरताच समोरच्या काचेवर एक पिवळी अक्षरांची ओळ उमटली. तिचा मराठी मथितार्थ असा, की निळ्या झाकणाच्या टाकीतले द्रव संपत आले आहे, ६५० किलोमीटरनंतर इंजिन सुरू होणार नाही.

ही ओळ मला नवी नव्हती, हे येथे कबूल केले पाहिजे. गेला महिनाभर ती रोज मला नमस्कार करीत होती. पहिल्यांदा तिने २४०० चा आकडा दाखवला, तेव्हा मी म्हटले, पुष्कळ आहे. पंधराशेला म्हटले, पगार होऊ दे. हजाराला म्हटले, रविवारी बघू. आणि आता पहाटे साडेपाचला कुठले दुकान उघडे असणार? मनातल्या मनात हिशेब केला : जाऊन-येऊन ४२० किलोमीटर, हातात ६५०. म्हणजे २३० शिल्लक. निघालो.

ज्यांच्याकडे पेट्रोलची गाडी आहे, किंवा गाडीच नाही, अशा सुखी वाचकांसाठी हे द्रव काय असते ते सांगतो. डिझेल इंजिनाच्या पोटात फार उष्णता असते. त्या उष्णतेत हवेतला नायट्रोजन आणि प्राणवायू एकमेकांशी संयोग पावतात आणि नायट्रोजनची विषारी ऑक्साइडे तयार होतात. छातीला, दम्याच्या माणसाला ती फार वाईट. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा हा नियम लागू झाला, आणि डिझेल मोटारीने किलोमीटरमागे पूर्वी जिथे ०.२५ ग्रॅम हे विष सोडले तर चालत होते, तिथे मर्यादा ०.०८ ग्रॅमवर आली. १ एप्रिल २०२३ पासून तर ही परीक्षा प्रत्यक्ष रस्त्यावरही द्यावी लागते. तेव्हा पुष्कळ मोटारींत एक निराळी टाकी आली. तिच्यात युरिया आणि शुद्ध पाणी यांचे मिश्रण असते : शेकडा साडेबत्तीस भाग युरिया, बाकी पाणी. ते तापल्या धुरात थेंबाथेंबाने फवारले जाते, युरियाचा अमोनिया होतो, आणि धुराड्यातल्या एका जाळीदार नळकांड्यात अमोनिया व विष यांची गाठ पडली, की दोहोंचा मिळून निरुपद्रवी नायट्रोजन आणि वाफ होते. कुणी त्याला डीईएफ म्हणतात, कुणी ॲडब्लू म्हणतात. आमची आई त्याला 'गाडीचं औषध' म्हणते, आणि तेच मला सर्वांत बरोबर वाटते.

हडपसर मागे पडले, दिवे घाट आला. आईने खिडकी खाली केली. "इथं आम्ही नाकाला पदर लावून चढायचो," ती म्हणाली. "पुढं टाळ-मृदंग, आणि शेजारून ट्रक काळा धूर सोडीत चाललेले. घाट चढून आलं, की अभंग म्हणायला गळा राहायचा नाही."

मी हूं म्हटले. माझे लक्ष आकड्यावर होते. चिरंजीव तो रेल्वेच्या स्टेशनासारखा पुकारीत होते. नीरा नदीच्या पुलावर, जिथे माउलींच्या पादुकांना स्नान घालतात, तिथे आई हात जोडते आहे तोच पुढून पुकारा झाला, "बाबा, ५१०!"

आम्ही आलो होतो अवघे ऐंशी किलोमीटर, आणि आकडा उतरला होता १४० ने. फलटणला तो ४०० झाला. धर्मपुरीपाशी सोलापूर जिल्ह्याची हद्द लागली, नातेपुत्यात ३१०. माझ्या कपाळाला घाम आला. पत्नी म्हणाली, "एसी वाढवू का?" मी घाईघाईने म्हटले, "नको, आहे तोही बंद कर!"

रस्ता मात्र झकास झाला आहे. ८ नोव्हेंबर २०२१ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते संत ज्ञानेश्वर महाराज पालखी मार्गाच्या चौपदरीकरणाची पायाभरणी झाली, आणि आता वारकऱ्यांचा तो जुना रस्ता राष्ट्रीय महामार्ग ९६५ या नावाने ओळखला जातो. दुतर्फा नीरा उजव्या कालव्याच्या पाण्यावरचा ऊस. आईला मात्र रस्ता ओळखू येईना. "इथं विहीर होती. इथं आम्ही भाकरी सोडायचो," असे ती मागे पळणाऱ्या डांबराला सांगत होती.

माळशिरस गेले, खुडूस गेले. गोल रिंगण होते ते मैदान मागे पडले, आणि आई एकदम म्हणाली, "थांब. हाच तो उतार."

वेळापूरच्या अलीकडचा हा उतार. तुकोबारायांना येथून पंढरीच्या देवळाचे शिखर दिसले आणि ते धावत सुटले, अशी कथा आहे. म्हणून आजही पालखी येथे आली, की लक्षावधी वारकरी माउलींचे नाव घेत उतारावरून धावतात. त्याला वेळापूरचा धावा म्हणतात. आई दार उघडून उतरली. काठीवर दोन्ही हात ठेवून उभी राहिली. श्रावणातले ऊन, एक हलकी सर येऊन गेलेली, रस्त्यावर चिटपाखरू नाही.

आकडा २४० होता. मी इंजिन बंद केले नाही.

माझे भय तसे वेडेपणाचे होते. चालती गाडी हे यंत्र मध्येच बंद पाडीत नाही. शून्य झाल्यावर एकदा बंद केलेली गाडी पुन्हा सुरू होऊ देत नाही, एवढेच. आणि शून्य अजून लांब होते. पण भय हिशेब मानीत नाही. घरघर ऐकून आई थोड्या वेळाने मागे वळली.

"ते बंद कर रे. काही ऐकू येत नाही."

"आई, नंतर सुरू झाली नाही तर?"

आईने माझ्याकडे पाहिले, काही बोलली नाही, आणि परत येऊन गाडीत बसली. ज्या उतारावर अकरा वर्षे ती धावली, तिथे ती पाच मिनिटेही उभी राहिली नाही, आणि कारण मी होतो. वेळापूर येईपर्यंत गाडीत कुणी बोलले नाही. चिरंजीवांनी फक्त हळूच सांगितले, "२३०."

पुढे पंढरपूर तीस-बत्तीस किलोमीटर, तिथून परत पुणे दोनशे दहा. बेरीज २४०. दहा किलोमीटर कमी!

मामांच्या वाड्यात आता माझा थोरला मामेभाऊ असतो. आम्ही त्याला दादा म्हणतो. त्याने आईचे पाय धरले. "आत्या, लई दिसांनी आलासा. या, बसा." वहिनींनी पाणी दिले, चहा झाला, आणि मी माझे गाऱ्हाणे घातले.

दादाने ते शांतपणे ऐकले आणि विचारले, "युरियाच लागतोय न्हवं?"

"हो. युरिया आणि पाणी."

"मग रडतोस कशाला? दोन पोती पडल्यात आत. उसाला टाकायला आणल्यात. घे ओंजळभर, पाण्यात कालव, आन् ओत."

खरे सांगतो, त्या क्षणी मला दादा देवासारखा वाटला. सरकारी दराने ४५ किलोचे पोते २६६ रुपये ५० पैशांना. त्यातला पाच किलो युरिया घेतला तरी चौदा लिटर औषध होईल! मी उठलोसुद्धा. तेवढ्यात दादाची मुलगी स्वयंपाकघरातून बाहेर आली. ती अकलूजच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकते.

"काका, ते टाकू नका हं," ती म्हणाली. "शेतीच्या युरियाला निंबोळीच्या तेलाचं लेपण असतं. २०१५ पासून सगळ्याच युरियाला लावतात. ते तेल, शिवाय त्यातले दुसरे क्षार, बारीक फवाऱ्यात अडकतील. नळकांडं खराब झालं, की मग गाडीच विकावी लागेल. आणि अनुदानाचा युरिया शेतीसोडून दुसरीकडं वापरणं हा गुन्हा आहे, आबा."

दादा हसला. "हिला शिकवून चूकच केली," असे म्हणाला. पण म्हणताना त्याच्या मिशा अभिमानाने हलल्या.

मग खरा मार्ग निघाला. उसाच्या हंगामात या भागातून ट्रकांची रांग लागते, आणि नव्या ट्रकांनाही हेच औषध लागते. गाडी मोठी तशी मात्रा मोठी. हंगाम दिवाळीनंतरचा, तरी हमरस्त्यावरच्या पंपावर डबा मिळेल, असे दादाचे म्हणणे. तो मोटारसायकल काढून निघालासुद्धा.

तो येईपर्यंत आम्ही अर्धनारीनटेश्वराच्या देवळात गेलो. यादवकाळातले हे काळ्या दगडाचे देऊळ. राजा रामचंद्रदेवाच्या काळचे शिलालेख या गावाने जपले आहेत. नाव अर्धनारीनटेश्वर, पण आत शंकर-पार्वती एकमेकांना बिलगून शेजारी उभे आहेत. चैत्रात येथे देवाचे लग्न लागते, मोठी यात्रा भरते. आई गाभाऱ्यासमोर बसली. माझ्या मनात मात्र अर्धे-अर्धे न येता एक भाग युरिया आणि दोन भाग पाणी एवढेच येत होते. देवाने क्षमा करावी.

परत आलो तो दादा दोन डबे घेऊन हजर : एक दहा लिटरचा, एक पाच लिटरचा. दोन्ही सीलबंद. पुतणीने आधी डब्यावरची तारीख वाचली. "हे उन्हात ठेवायचं नाही," ती म्हणाली. "पंचवीस अंशांच्या आत दीड वर्ष टिकतं, पस्तीस अंशांत सहा महिने. आपल्याकडं उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलं, तर काय राहील?"

मी निळे झाकण उघडले. शेजारीच डिझेलचे झाकण असते. त्यात हे चुकून गेले, तर मोठे नुकसान, म्हणून दोनदा पाहून घेतले. दहा लिटरचा डबा सगळा गेला. दुसऱ्यातून किती गेले, ते मोजायला आईने दुधाचे माप मागितले. पुतणी म्हणाली, "आजी, माप नको. भांड्याचं मीठ किंवा तेलकटपणा उतरला, तरी बिघडतं. आपण डबा तोलू या."

दादाचा धान्य तोलायचा काटा ओट्यावर आला. हे द्रव पाण्याहून जड : एक लिटर म्हणजे एक किलो नव्वद ग्रॅम. टाकी गळ्याशी आल्यावर डबा काट्यावर ठेवला आणि रिकाम्या डब्याचे वजन वजा केले. उरले दोन किलो एकशे ऐंशी ग्रॅम, म्हणजे दोन लिटर. पाचातले तीन गेले. एकूण तेरा.

"आता काका, शेवटी टाकी पूर्ण कधी भरली होती?"

सर्व्हिसिंगच्या पावतीवर ते होते. त्या दिवसापासून गाडी १०,४०० किलोमीटर चालली होती. तेराला १०,४०० ने भागले : दर हजार किलोमीटरला सव्वा लिटर. आमची गाडी लिटरला पंधरा किलोमीटर देते, म्हणजे तेवढ्या अंतराला डिझेल लागले ६९३ लिटर. त्याच्या शेकडा दोनला थोडे कमी. मोटारीला डिझेलच्या शेकडा एक ते तीन भाग औषध लागते, त्यात आमचे बसले.

"टाकी आहे चौदा लिटरची," पुतणी पुढे म्हणाली. "म्हणजे तळाशी एक लिटर होतंच. सव्वा लिटरला हजार, तर एक लिटरला आठशे किलोमीटर. आणि गाडी म्हणत होती २३०."

"म्हणजे खोटं बोलत होती?" मी जरा रागानेच विचारले.

"खोटं नाही. ती तळाचं थोडं राखून ठेवते. उरलेल्याला अलीकडच्या खर्चानं भागते. तुम्ही घाट चढून आलात, गाडी भरलेली, एसी लावलेला. त्या वेळचा खर्च जास्त, म्हणून अंदाज घसरला. तो आकडा म्हणजे अंतर नव्हे, अंदाज आहे."

आई इतका वेळ ऐकत होती. ती म्हणाली, "यात एवढं काय? मी गॅसचं सिलिंडर लावलं, की कालनिर्णयावर तारीख लिहिते. संपलं, की दिवस मोजते. पाहुणे आले, तर चार दिवस कमी धरते. शेगडीकडं बघून कुणी सांगतं का, किती उरलाय म्हणून?"

वाचकहो, मी पंचवीस वर्षे हिशेबखात्यात नोकरी केली आहे. महिनाभर काचेवरच्या आकड्याला घाबरलो, पण भरले किती आणि चाललो किती, हे दोन आकडे कुठे लिहून ठेवावे, हे मला सुचले नव्हते. पद्धत तेवढीच आहे. टाकी गळ्यापर्यंत भरावी, मीटर टिपावे. पुन्हा गळ्यापर्यंत भरताना किती लिटर गेले ते पाहावे. दोन-तीन वेळा असे केले, की आपल्या गाडीची भूक आपल्याला कळते. आणि घाटासाठी, ओझ्यासाठी, आईच्या भाषेत पाहुण्यांसाठी, चौथा हिस्सा कमी धरावा.

पुतणीची वही अजून मिटली नव्हती. ती म्हणाली, "आजी, गंमत सांगू? रसायनाच्या हिशेबानं तीस ग्रॅम युरिया शेहेचाळीस ग्रॅम विष मारतो. म्हणजे एक ग्रॅम विषाला दोन ग्रॅम हे औषध. काकांनी संपवलं तेरा लिटर, म्हणजे चौदा किलोंच्या वर. सगळं कामी आलं असं धरलं, तर सात किलो विष धुरातनं कमी झालं."

"सात किलो?" आई म्हणाली.

"या एका गाडीचं. दहा हजार किलोमीटरात."

आई बराच वेळ गप्प बसली. मग तिने दिवे घाटातला पदर पुन्हा नाकाला लावल्यासारखा केला आणि सोडला. दादा सांगत होता, की काही लोक हे औषध वाचवायला एक डबी बसवून गाडीला फसवतात. टाकी रिकामी, तरी गाडीला वाटते, भरलेली आहे. "त्यास्नी वारीत एकदा चालायला लावा," आई म्हणाली, "त्यांच्याच गाडीच्या मागनं." माहेरी आली, की आईची भाषा अशी बदलते.

जेवण करून निघालो. वहिनींनी आईची ओटी भरली. उरलेले दोन लिटर दादाने सीटखाली सावलीत नीट ठेवून दिले. पंढरपुरात दर्शन झाले. गर्दी बेताची होती. आईने विठोबाच्या पायांवर डोके ठेवले, तेव्हा पुजाऱ्यालाच तिला हळू उठवावे लागले.

परत येताना दुपार कलली होती. वेळापूर ओलांडले, चढ लागला, आणि काही न विचारता मी गाडी कडेला घेतली. किल्ली फिरवली. घरघर थांबली.

केवढी शांतता होती! उसातून वारा जात होता. लांब कुठे मोटेच्या जागी आता पंप बसला आहे, त्याचा बारीक आवाज येत होता. आई उतरली. उताराच्या माथ्यावर जाऊन पंढरपूरच्या दिशेला तोंड करून उभी राहिली. चिरंजीव तिच्याजवळ गेले आणि त्यांनी विचारले, "आजी, इथून खरंच कळस दिसतो?"

"दिसत नाही," आई म्हणाली. "पण धावताना दिसल्यासारखा वाटतो."

मग तिने काठी त्याच्या हातात दिली, त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि उतारावर दहा-पंधरा पावले चालत गेली. जरा भरभर. ती धावली, असे मी म्हणणार नाही. पण चालण्यापेक्षा ते निराळे होते. पत्नीने माझ्याकडे पाहिले आणि तोंड फिरवून डोळे पुसले.

अर्ध्या तासाने गाडी एका किल्लीत सुरू झाली.

घरी पोहोचल्यावर रात्री स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो. भिंतीवरच्या कालनिर्णयावर गॅसच्या तारखेखाली आईने पेन्सिलीने एक नवी ओळ लिहिली होती : 'गाडीचे औषध, वेळापूर, १३ लिटर.' आणि खाली, मीटरचा आकडा. तो तिने मुलाला विचारून घेतला असावा. शेजारी कंसात एक शब्द होता : 'दहावे पेर.'